ब्लाइथबर्गचं चर्च: काळा कुत्रा, छतावरचे देवदूत आणि गळकं छप्पर

पाणथळ:

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, ब्लाइथ नदीच्या खाडीकाठी ब्लाइथबर्ग नावाचं छोटं गाव आहे. ए-१२ हा हमरस्ता गावाला खेटूनच जातो. वस्ती जेमतेम काही शे, पण तिथलं होली ट्रिनिटी चर्च एवढं मोठं की लोक त्याला 'दलदलीतलं कॅथिड्रल' म्हणतात. लांबी जवळजवळ सव्वाशे फूट.

नेटवर या चर्चबद्दल शोधलंत तर पहिल्या फटक्यात दोन गोष्टी हाती लागतात. १५७७ साली सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपात आत शिरला, त्याच्या पंजाचे जळके डाग उत्तरेच्या दारावर अजून आहेत, ही एक. दुसरी अशी की १६४४ मध्ये प्युरिटन मंडळींनी (चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणारे कडवे प्रोटेस्टंट) छतावरच्या लाकडी देवदूतांवर बंदुका झाडल्या आणि त्यांचे छर्रे लाकडात सापडले. जो तो येऊन दार बघतो, मान वर करून देवदूत बघतो, फोटो काढतो आणि जातो. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टींच्या गदारोळात चर्चचा खरा इतिहास झाकून गेलाय. या इमारतीला सगळ्यात जास्त झिजवलं ते पावसाने, कावळ्यांनी आणि गावाच्या गरिबीने. आणि तिला वाचवण्यातही गरिबीचा वाटा मोठा आहे. त्यासाठीच हा धागा.

आधी गावाबद्दल थोडं. नदीपलीकडच्या बल्कॅम्पला सातव्या शतकाच्या मध्यात मोठी लढाई झाली. तिच्यात मर्सियाच्या पेंडा राजाने पूर्व अँग्लियाच्या राजाला मारलं. या राजाचं नाव अ‍ॅना (हो, पुरुषच). त्याला ब्लाइथबर्गला पुरलं अशी परंपरा आहे. गावाजवळ सापडलेली आठव्या शतकातली हाडाची लेखनपाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणजे इथे लिहिणारे-वाचणारे लोक फार आधीपासून होते.

मध्ययुगात ब्लाइथबर्ग हे बंदर होतं. जहाजं खाडीतून वर येत, बाजार भरे. चर्चचा कारभार गावातल्याच ऑगस्टिनियन मठाकडे होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, १४१२ च्या आसपास, चौदाव्या शतकातला बुरूज तेवढा ठेवून बाकीचं चर्च नव्याने बांधायला घेतलं. हे काम पुढे कित्येक दशकं चाललं. पैसा एका कोणा सरदाराचा नव्हता. व्यापारी, मासेमार, शेतकरी मृत्युपत्रात चर्चसाठी रक्कम ठेवत गेले आणि चर्च वाढत गेलं.

शैली पर्पेंडिक्युलर, म्हणजे इंग्रजी गॉथिकचा शेवटचा टप्पा. या शैलीत भिंतीचं काम जवळजवळ खिडक्याच करतात. खांब सडपातळ, आणि खालच्या मोठ्या खिडक्यांच्या वर, छताला लागून, आणखी एक रांग. ब्लाइथबर्गला या वरच्या रांगेत एकेका बाजूला १८ खिडक्या आहेत. लोक बसतात तो नेव्ह आणि वेदीकडचा चॅन्सेल यांच्यामध्ये एरवी कमान असते, ती इथे नाही. छत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावतं. जुनी रंगीत काच बहुतेक गेलेली, त्यामुळे आत पांढरा, स्वच्छ उजेड असतो. मी पाहिलेल्या सफकमधल्या कुठल्याच चर्चमध्ये इतका उजेड नाही.

बाहेरून हात लावून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे चकमकीचं काम. सफकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही. मिळते ती चकमक, म्हणजे खडूच्या थरातले वेडेवाकडे गोटे. गोटा फोडला की आतला भाग काळा, चकचकीत, काचेसारखा धारदार निघतो. बाहेरगावाहून आणलेल्या फिकट चुनखडीच्या दगडात अक्षरांचे, नक्षीचे खाचे कोरायचे आणि त्यांत हे काळे तुकडे असे बसवायचे की दोन्हीचा पृष्ठभाग एका पातळीत यावा. पूर्वेच्या भिंतीवर मोठ्या खिडकीखाली याच पद्धतीने केलेली, डोक्यावर मुकुट असलेली अक्षरांची ओळ आहे. पाऊस पडून गेल्यावर चकमक आणखी काळी दिसते आणि अक्षरं लांबूनही उठून येतात.

आता देवदूत. छताच्या मधल्या कण्यावर, तुळयांच्या मध्यभागी, पाठीला पाठ लावलेल्या जोड्या आहेत. पंख पसरलेले, हातात ढाली. एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. रंग उडालाय, पण तुळयांवरची लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं अजून ओळखू येतात. हा रंग मुळातला आहे, नंतर कोणी पुन्हा चढवलेला नाही.

कुत्र्याची गोष्ट अशी. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं, वीज पडली, बुरुजावरचा मनोरा छप्पर फोडून आत कोसळला, माणसं मेली. त्याच दिवशी जवळच्या बंगे गावातही चर्चमध्ये दोघे गेले. तिथल्या नोंदवहीत त्यांची नावं आहेत आणि कारण म्हणून फक्त वादळ लिहिलंय. कुत्रा आणला तो अब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने, त्या घटनेवर छापलेल्या चोपडीत. त्याच्या मते कुत्रा आधी बंगेत शिरला, मग ब्लाइथबर्गला, आणि इथे दोन पुरुष व एका मुलाचा जीव घेतला. 'ब्लॅक शक' हे आजचं प्रसिद्ध नाव त्यात नाही, 'शक' हे नाव छापील स्वरूपात १८५० मध्ये येतं. आणि दारावरचे डाग लोकांसमोर आले ते १९३३ मध्ये, दार साफ करताना.

बंदुकांची गोष्टही तशीच. विल्यम डाउझिंग हा सफकचाच माणूस. चर्चमधल्या 'अंधश्रद्धेच्या' वस्तू नष्ट करायला पार्लमेंटच्या बाजूने नेमलेला. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. ९ एप्रिल १६४४ ला तो ब्लाइथबर्गला आला. २० चित्रं, पोर्चवरचा आणि बुरुजावरचा क्रूस यांची नोंद केली, आणखी २०० हून अधिक चित्रं ८ दिवसांत काढा असा हुकूम दिला. '२० करूब (म्हणजे देवदूत) काढून टाकायचे' हेही त्यात आहे. बंदुकीचा मात्र उल्लेख नाही. मग छर्रे कुठले? चर्चच्या हिशेबात १७६१ मध्ये आत घरटी करणाऱ्या जॅकडॉ कावळ्यांना मारायला दारू आणि छर्रे घेतल्याचा खर्च आहे. विसाव्या शतकात छताच्या दुरुस्तीत देवदूतांमधून जे शिसं निघालं ते त्या प्रकारचं होतं.

मधल्या काळात खाडी गाळाने भरली, मोठी जहाजं येईनाशी झाली, मठ आठव्या हेन्रीच्या काळात बंद पडला, १६७६ च्या आगीत गावाचा बराच भाग जळाला आणि पुष्कळ लोक परतलेच नाहीत. एवढं मोठं छप्पर, आणि दुरुस्तीला माणसं मूठभर. खिडक्या फुटल्या की विटांनी बुजवायच्या. १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरवून बंद केली. त्याआधी लोक आत छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत असं सांगतात. १८८४ मध्ये ती पुन्हा उघडली.

---

ऋतुगंध:

फार सुंदर लिहिलंय. एक कळलं नाही. देवदूत काढायचा लेखी हुकूम होता तर ते वाचले कसे? त्या काळात असा हुकूम धुडकावणं सोपं होतं का?

---

सुतारपक्षी:

ऋतुगंध, डाउझिंगची पद्धत बघितली तर उत्तराचा अंदाज येतो. एका दिवसात तो अनेक चर्चं करायचा. हाताशी असेल ते तिथल्या तिथे फोडायचं आणि उंचावरचं काम 'इतक्या दिवसांत करा' म्हणून गावाच्या गळ्यात मारायचं. मग शिड्या, परांची, मजुरी, सगळा खर्च गावाचा. ब्लाइथबर्गकडे तेव्हा स्वतःच्या दुरुस्तीला पैसे नव्हते, तोडफोडीला कुठून आणणार? शिवाय हे देवदूत छताच्या मधोमध आहेत. भिंतीला शिडी लावून हात पोचत नाही, मधे परांचीच बांधावी लागते.

माझा व्यवसाय जुन्या लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीचा, म्हणून छताबद्दल चार शब्द. हे छप्पर उताराला फार कमी आहे, जवळजवळ सपाट, वर शिशाचे पत्रे. पर्पेंडिक्युलर चर्चमध्ये हे सर्रास दिसतं. शिसं सपाट छपरावर टिकतं, पण उन्हाने ताणतं, थंडीने आक्रसतं, आणि शेवटी सांध्यापाशी चिरतं. पाणी आत आलं की आधी कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. वरून तुळई धडधाकट दिसते आणि आत टोकाचा भुगा झालेला असतो. ओलसर ओकमध्ये डेथवॉच बीटल नावाचा भुंगा शिरतो आणि वर्षानुवर्षं आतून पोखरतो. पंख वेगळ्या फळ्यांचे करून धडाला जोडलेले असतात, त्यामुळे निखळायला तेच आधी. बंदुकीच्या छर्ऱ्याने ओकच्या मूर्तीला खळगे पडतील, मूर्ती खाली येणार नाही. खाली आणेल ते पाणीच.

दारावरच्या डागांबद्दलही सांगतो. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत चुलीवरच्या तुळयांवर, दाराच्या चौकटींवर असे थेंबाच्या आकाराचे जळके डाग रग्गड सापडतात. चुकून मेणबत्ती टेकली तर इतका रेखीव आणि खोल डाग पडत नाही. ज्योत तिरपी धरून बराच वेळ ठेवावी लागते. अभ्यासकांनी लाकडावर करून बघितलंय. बहुतेकांचं मत असं की आगीपासून आणि विजेपासून घर राखावं म्हणून लोक मुद्दाम असे डाग पाडत. ब्लाइथबर्गचे डाग मला त्याच जातीचे वाटतात. असं असेल तर सैतानाची खूण म्हणून जे दाखवतात ते कुणीतरी संरक्षणासाठी केलेलं काम आहे, आणि ही गोष्ट मला कुत्र्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

---

खाडीकाठ:

मी वसईचा, कॅथलिक. या धाग्यात एक बाजू घालावीशी वाटते.

पाणथळ यांनी मृत्युपत्रांचा उल्लेख केलाय. त्या देणग्यांमागे नुसती गावाची हौस नव्हती. मेल्यावर आत्मा शुद्धिस्थानात जातो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याची तिथून लवकर सुटका होते, ही श्रद्धा होती. आमच्याकडे आजही २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होतो, कबरींवर मेणबत्त्या लागतात, घरातल्या गेलेल्यांची नावं वाचली जातात. पंधराव्या शतकातला सफकचा मासेमार आपल्या पैशातून खिडकी देई, आणि त्यावर 'अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' असं लॅटिनमध्ये लिहून घेई, ते याचसाठी. डाउझिंगने ९ एप्रिलच्या त्या फेरीत असे तीन लेख फोडल्याचं त्याच्या रोजनिशीत आहे.

सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४७ मध्ये, मृतांसाठी मिस्सा म्हणायला ठेवलेल्या सगळ्या देणग्या कायद्याने जप्त झाल्या. दिलेला शब्द एका कायद्याने मोडला. मला वाटतं इंग्लंडच्या गावांना तिथे जो धक्का बसला त्याची भरपाई पुढे झालीच नाही. ज्या चर्चमध्ये आपल्या आजोबांसाठी रोज प्रार्थना होते त्याचं छप्पर गळू द्यायला मन धजत नाही. ती प्रार्थनाच बंद झाली की छप्पर हा नुसता खर्च उरतो.

अजून एक. फ्लेमिंगच्या वर्णनात कुत्रा ब्लाइथबर्गला कुठे येऊन बसतो, तर जिच्यावर पूर्वी मोठा क्रूस उभा असे त्या तुळईवर. नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधल्या या तुळईवर क्रुसावरचा येशू, शेजारी मारिया आणि योहान उभे असत. ते धर्मसुधारणेत, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिक पंथापासून फुटलं तेव्हा, काढून टाकले. १५७७ मध्ये तिथल्या म्हाताऱ्यांना लहानपणी पाहिलेला तो क्रूस नक्की आठवत असणार. त्या रिकाम्या जागेवर सैतान बसवावा असं लिहिणाऱ्याला का सुचलं असेल, याचा मी खूप विचार केलाय.

---

नंदू६१:

लेख आवडला, पण मुख्य मुद्दा पटत नाही. 'पावसाने आणि गरिबीने नुकसान केलं' म्हणताना आपण डाउझिंगला फार सहज सोडतोय. २०० चित्रं म्हणजे बहुतेक खिडक्यांतली रंगीत काच. गळक्या छपराला शिसं घालता येतं, फुटलेली काच परत येत नाही. त्या खिडक्यांत कोणते संत होते, कोणाची तोंडं होती, देणगीदार कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेले होते का, सगळं गेलं. त्याच्याकडे पार्लमेंटचा हुकूम होता म्हणून त्याने केलेलं लहान होत नाही. तुम्ही ज्या पांढऱ्या उजेडाचं कौतुक करता तो उजेड त्या तोडफोडीतूनच आलेला आहे.

---

पाणथळ:

नंदूकाका, काचेबाबत तुमच्याशी वाद नाही, ती हानी डाउझिंगची आणि त्याच्याआधीच्या धर्मसुधारकांची. माझा मुद्दा इमारतीचा आहे. डाउझिंग एका दिवसात येऊन गेला. चर्च बंद करायची वेळ आली ती त्यानंतर सुमारे २४० वर्षांनी, आणि त्या मधल्या काळात कोणीही हल्ला केला नव्हता. नाव घेऊन दोष द्यायला माणूस मिळाला की आपण तिथेच थांबतो, आणि दर हिवाळ्यात होणारी झीज कोणाच्याच खात्यावर मांडत नाही.

याच किनाऱ्यावरची दोन उदाहरणं बघा. कोव्हहाइदचं सेंट अँड्र्यूज असंच भव्य होतं. गावाला ते पेलवेना, तेव्हा १६७२ मध्ये परवानगी घेऊन त्याचं छप्पर उतरवलं आणि त्या उघड्या भिंतींच्या आतच एक छोटं, गवताने शाकारलेलं चर्च बांधलं. आजही तसंच आहे, आणि वापरात आहे. वॉल्बर्सविकलाही सतराव्या शतकाच्या शेवटी तेच झालं. मोठं चर्च उतरवून एका कोपऱ्यापुरतं ठेवलं. या दोन्ही गावांनी आपण गरीब झालोय हे कबूल करून चर्च लहान केलं. ब्लाइथबर्गने उतरवलंही नाही आणि नीट दुरुस्तही केलं नाही. छप्पर वर राहिलं ते असं.

याचा फायदा एकोणिसाव्या शतकात झाला. त्या काळी श्रीमंत गावांतली मध्ययुगीन चर्चं वास्तुविशारदांनी 'मूळ रूपात आणायची' म्हणून खरवडून काढली. जुने बाक फेकले, गिलावा उतरवला, चकचकीत टाइल्स घातल्या, छतं रंगवली. ब्लाइथबर्गमध्ये काम निघालं तेव्हा कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या संरक्षणाची संस्था मधे पडली. त्यांचा आग्रह एवढाच की दुरुस्त करा, नवं करू नका. वाद लांबला, पैसा कमीच होता, काम हळूहळू झालं. छतावरचा तो फिकट रंग आज दिसतो तो त्यामुळे. देणगीदार भरपूर असते तर एव्हाना देवदूत लखलखीत सोनेरी झाले असते.

---

केतकी_इप्सविच:

सगळे वर बघताय, जरा खालीही बघा! मला या चर्चमध्ये सगळ्यात आवडतात ते बाक. प्रत्येक बाकाच्या टोकाला कोरीव माणूस आहे. काही जण सात पापांपैकी आहेत. आळस म्हणजे अंथरुणात उठून बसलेला माणूस. लोभ आपल्या पैशाच्या पेटीवर बसलाय. खादाड दोन्ही हातांनी पोट धरून आहे. चहाडखोराची जीभ बाहेर आलीय. ढोंगी हात जोडून प्रार्थना करतो, पण डोळे मात्र उघडे. दुसरीकडे वर्षभराची शेतीची कामंही आहेत. कोरणाऱ्याने हे चेहरे गावातूनच उचलले असावेत असं मला वाटतं.

आणि चॅन्सेलमधल्या बाकांवर एका मुलाने नाव कोरलंय: डर्क लोअरसन, स्टॉकहोमचा, सन १६६५, वय १२. ही बाकं पूर्वी हॉप्टन घराण्याच्या छोट्या प्रार्थनाघरातली होती, पुढे तिथे शाळा भरायची म्हणतात. दौतीसाठी पाडलेली भोकं लाकडात आहेत. दलदल उपसायला आलेल्या डच कामगारांपैकी कोणाचा तरी हा मुलगा असावा, असं तिथे सांगतात. अक्षरं अजिबात घाईची नाहीत. खोल, सावकाश कोरलेली आहेत, म्हणजे मास्तरांचं लक्ष चांगला वेळ दुसरीकडे असणार. याच बाकांच्या दर्शनी बाजूला प्रेषितांच्या मूर्ती आहेत. डाउझिंगच्या फेरीनंतर २१ वर्षांनी हा मुलगा त्यांच्या मागे बसून चाकू चालवत होता.

---

सुतारपक्षी:

केतकीताई, डर्कबद्दल +१. बुरुजाच्या बाजूला तो लाकडी घंटावाला पाहिलात का? १६८२ चा, दाढीवाला, चिलखत घातलेला. प्रार्थना सुरू होताना दोरी ओढली की मान हलवून घंटा वाजवतो. तसाच एक भाऊ जवळच साउथवोल्डच्या चर्चमध्ये आहे.

---

ऋतुगंध:

यांत्रिक घंटावाला! आता जावंच लागेल. चर्च अजून वापरात आहे ना? आणि गाडी नसेल तर कसं जायचं?

---

पाणथळ:

वापरात आहे. प्रार्थना होतात, लग्नं होतात, आणि उन्हाळ्यात मैफली. जून १९६९ मध्ये जवळच्या ऑल्डबरा संगीत महोत्सवाच्या पहिल्याच रात्री स्नेप मॉल्टिंग्सचं सभागृह जळालं, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटनने मोझार्टचा ऑपेरा इथेच हलवला होता. छत लाकडी, खांब बारीक, त्यामुळे आवाज घुमत नाही, स्वच्छ ऐकू येतो.

इप्सविचहून लोस्टॉफ्टच्या गाडीने डार्शम किंवा हेल्सवर्थला उतरा, पुढे टॅक्सी. दुर्बीण जरूर न्या, साधी पक्षी बघायची चालेल. तिच्याशिवाय देवदूतांचे चेहरे नीट दिसत नाहीत. आत शिरल्यावर आधी उत्तरेचं दार बघून घ्या म्हणजे मन मोकळं होईल. मग केतकीताईंनी सांगितलेली बाकं. छत शेवटी, चॅन्सेलच्या टोकाला उभं राहून पश्चिमेकडे तोंड करून बघा. तिथून छताचा अख्खा कणा एका नजरेत येतो. बाहेर पडल्यावर पूर्वेच्या भिंतीला वळसा घालून ती चकमकीची अक्षरं बघायला विसरू नका. बहुतेक लोक पोर्चमधून थेट गाडीकडे जातात आणि ती भिंत राहून जाते. निघताना दाराजवळच्या पेटीत काहीतरी टाका. छपराचा खर्च आजही मुख्यतः गावावरच आहे.

---

खाडीकाठ:

पूर्वेच्या त्या अक्षरांचा फोटो कोणाकडे जवळून काढलेला असेल तर इथे टाका. त्यांचा अर्थ काय लावतात यावर वेगळा धागा काढता येईल.

---

केतकी_इप्सविच:

माझ्याकडे आहेत, पाऊस पडून गेल्यानंतरचेच. रात्री टाकते.